सव्वादोन कोटी आकड्यांचा ताळा

"त्याचा उपयोग काय?" असं मला ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना एका गाडीत बसवलं तर जुन्नर-आळेफाटा एसटी भरून टपावरही माणसं बसतील. मुख्याध्यापक त्यात, स्टाफरूममधले सगळे त्यात, माझा सख्खा भाऊ त्यात, आणि निरोपाच्या कार्यक्रमाला आलेले संस्थेचे पदाधिकारी तर पुढच्या सीटवर. एकाच माणसानं तो प्रश्न विचारला नाही. आणि मी सगळ्यात वाईट वागले ती नेमकी त्याच माणसाशी. ते सांगायलाच बसले आहे, पण आधी बाकीच्यांवरचा राग ओकल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही. स्वभाव आहे, अठ्ठावन्न वर्षांत गेला नाही.

मी आळ्याजवळच्या एका हायस्कुलात एकोणतीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या वर्गात ताळा न केलेलं गणित म्हणजे न सोडवलेलं गणित. भागाकार केलास? मग भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, करून दाखव. पोरं वैतागायची. पालक येऊन म्हणायचे, बाई, उत्तर बरोबर आलंय ना, मग परत कशाला? ह्या 'परत कशाला'नं माझं डोकं फिरतं. उत्तर बरोबर आलंय हे तुला कुणी सांगितलं? गाईडनं? शेजारच्या बाकावरच्यानं?

दहावीच्या वर्गाला मी दरवर्षी, अभ्यासक्रमात नसताना, एक गंमत दाखवायचे. दोनाला दोनानं गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा. दोन किती वेळा घ्यायचा? दोन वेळा, तीन वेळा, पाच वेळा, सात वेळा. उत्तरं येतात तीन, सात, एकतीस, एकशे सत्तावीस. सगळ्या मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग न जाणाऱ्या. मग अकरा वेळा घेतला की दोन हजार सत्तेचाळीस, आणि पोरं छातीठोकपणे सांगायची की तीही मूळच. मी फळ्यावर लिहायचे, तेवीस गुणिले एकोणनव्वद. तेव्हाची वर्गाची तोंडं मला अजून आठवतात.

ह्या घराण्यातल्या मूळ संख्यांना मर्सेन म्हणतात. सगळ्या जगाला मिळून आजवर बावन्न सापडल्या आहेत. सगळ्यात मोठी चार कोटींहून जास्त आकड्यांची आहे. त्या शोधणारी माणसं काही सगळी मोठी शास्त्रज्ञ नाहीत. कुणीही आपल्या घरचा कॉम्प्युटर त्या कामाला जुंपू शकतो. इंटरनेटवरून एकेकाला एकेक नंबर वाटून दिला जातो, मशीन तो तपासत बसतं, उत्तर आलं की कळवायचं. मशीन जुनं असेल तर नवा नंबर देत नाहीत, दुसऱ्या कुणी आधीच तपासलेला नंबर पुन्हा तपासायला देतात. म्हणजे ताळा. हे वाचलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जगात कुठेतरी माझ्यासारखी माणसं आहेत तर.

निवृत्तीला पाच महिने उरले होते. म्हटलं, जाताना एक तरी ताळा पुरा करून जायचा. मला मिळालेला नंबर सव्वादोन कोटी आकड्यांचा होता. कुणीतरी अनोळखी माणसानं तो काही वर्षांपूर्वी तपासून सांगितलं होतं की हा मूळ नाही. त्याच्या उत्तराची सोळा अक्षरं असतात, शेवटी उरलेल्या बाकीची. ती पूर्ण दाखवत नाहीत, शेवटची अक्षरं झाकून ठेवतात, कुणी कॉपी करू नये म्हणून. माझी सोळा त्याच्या सोळांशी जुळली की त्या नंबरचा प्रश्न कायमचा मिटला. मला तेवढंच हवं होतं.

आमच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब म्हणजे काय सांगावं. दहा मशीन, दहांवर प्लॅस्टिकची झाकणं. तपासणीला साहेब येणार असले की झाकणं निघायची, साहेब गेले की परत चढायची. पोरांनी हात लावला तर खराब होतील, असं मुख्याध्यापकांचं मत. वापरलं की खराब होतं म्हणून वापरायचंच नाही, मग आणलंत कशाला, असं मी भर सभेत विचारलं होतं. त्यावर त्यांनी मला, बाई, तुमचा स्वभाव, एवढंच म्हटलं. कोपऱ्यातलं एक मशीन मी भांडून मिळवलं. इन्व्हर्टरला जोडलं, नंबर चढवला आणि जून महिन्यात काम चालू केलं.

पण मला लॅबमध्ये आठवड्यातून एकच तास. बाकी वेळ कुलूप. किल्ली शाळेच्या शिपाई मावशींकडे, कारण झाडलोट त्यांची. मावशी खोडदकडच्या. त्यांचं माहेर मेंढरं वळणाऱ्यांचं, बाप वर्षातले आठ महिने रानोमाळ, त्यामुळे शाळा चौथीपर्यंत. मी त्यांना विनंती केली की रोज सकाळी झाडायला गेलात की पडद्यावरची सगळ्यात खालची ओळ वहीत उतरून ठेवा. ठरावीक पायऱ्या झाल्या की मशीन एक ओळ छापतं. पायरीचा नंबर आणि त्या वेळेपर्यंत उरलेली बाकी, आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं मिळून सोळा. मशीन अडकलं तर ओळ पुढे सरकणार नाही, मला कळेल, एवढाच माझा हेतू.

इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती. मी म्हटलं, शिकवते. म्हणाल्या, सहाच तर दिसत्यात, कशाला शिकायची. त्यांनी आपली नावं ठेवली. शिडी, दोन पोटांची, विळा, अर्धी भाकरी, फणी आणि मोडकी फणी. मेंढरांचं तोंड ध्यानात ठेवायचं असतं, नाव नसलं तरी चालतं, असं त्यांचं म्हणणं. वही मी दोन-चारदा वरवर चाळली आणि ठेवून दिली. अक्षरं चित्रं काढल्यासारखी काढलेली, मोठी मोठी. त्यांनी कधी उपयोग विचारला नाही. एकदा फक्त विचारलं, हे कुणाचं काम हाय? मी सांगितलं, कुणीतरी केलेल्या गणिताचा ताळा आहे. बरं म्हणाल्या आणि झाडू उचलला.

सप्टेंबर संपेपर्यंत एक्क्याण्णव टक्के काम झालं होतं. मी दिवस मोजत होते. आणि आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं-अवजारं पुसून पूजेला मांडतात. ट्रॅक्टर धुतात, मोटरींना हळदकुंकू लावतात, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. त्याला माझी ना नाही. माझी आई शिवणयंत्राला हार घालायची, कारण ती वर्षभर त्यावर राबायची. पण आमच्या मुख्याध्यापकांनी दहा कॉम्प्युटरांची पूजा मांडली. वर्षभर ज्यांचं झाकण काढलं नाही, त्यांना विश्रांती. आणि जे एकटं रात्रंदिवस राबत होतं, त्यालाही बंद केलं. तेवढंच असतं तर एक दिवस गेला असता, मशीन थांबल्या जागेवरून पुढे चाललं असतं. पण पूजेला मशीन स्वच्छ हवीत म्हणून त्यांनी आळेफाट्याहून दुरुस्तीवाला बोलावला होता. त्याला कोपऱ्यातलं मशीन तापलेलं दिसलं, सगळी ताकद कुठल्यातरी एकाच कामात चाललेली दिसली. त्यानं ठरवलं, व्हायरस. सगळं पुसून टाकलं.

मी दोन दिवस पेन्शनच्या कागदांसाठी जुन्नरला होते. दसऱ्यानंतर शाळेत आले तर मशीनवर झेंडूची माळ, पडद्यावर कुंकवाचं बोट, आणि आत काही नाही. साडेतीन महिन्यांचं काम गेलं. मुख्याध्यापक प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, बाई, तुमच्या मशीनमध्ये मोठा व्हायरस निघाला, बरं झालं वेळीच सापडला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी काय काय बोलले ते स्टाफरूमच्या भिंतींना विचारावं. तेवढ्यात कळलं की दुरुस्तीवाला पुसायला बसला तेव्हा मावशी त्याला आडव्या गेल्या होत्या. बाईंचं काम चालू हाय, हात लावू नका म्हणाल्या होत्या. त्यानं हसून म्हटलं होतं, मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं? हे ऐकून मी आणखी पेटले. म्हटलं, अख्ख्या शाळेत एकाच माणसाला कळत होतं आणि त्याच माणसाला तुम्ही हे ऐकवलंत. खूप तोऱ्यात म्हटलं. माझं ते वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे.

कामाची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. एकोणतीस वर्षं पोरांना ताळा शिकवणाऱ्या बाईनं एका पेनड्राइव्हवर प्रत ठेवली नव्हती. हे तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही, कारण दुसऱ्यांवर ओरडायचं काम चालू होतं.

महिनाअखेर निरोप झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. पदाधिकारी म्हणाले, बाईंनी कॉम्प्युटरवरही काहीतरी मोठं केलं, त्याचा उपयोग मला समजला नाही, पण केलं. लोक हसले. मीही दात दाखवले. सगळे गेल्यावर मावशी आल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही माझ्या पिशवीत ठेवून गेल्या. ती पहिल्या दिवसापासूनची होती.

घरी आल्यावर मी जुन्नरच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं जुनं मशीन घेतलं. नंबर परत मागितला, मिळाला. पहिल्यापासून सुरुवात केली. हे मशीन शाळेतल्यापेक्षा चलाख होतं, सात आठवड्यांचं काम. ह्या खेपेला रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर प्रत काढत होते. आणि सकाळी चहा घेताना मावशींची वही उघडून ओळी ताडून बघायचे, कारण मशीननं तीच पायरी गाठली की तीच बाकी यायला हवी. पहिली ओळ जुळली. दुसरी जुळली. सोळाच्या सोळा अक्षरं, मोडक्या फणीसकट. लाल पेनानं बरोबरच्या खुणा करताना मला शाळेतल्यापेक्षा जास्त आनंद होत होता. पुसलेलं काम काही अंशी परत येतंय असं वाटत होतं.

अडतिसावी ओळ जुळली नाही. एखाद-दुसरं अक्षर चुकलं असतं तर समजले असते, फणीच्या जागी मोडकी फणी. पण सोळाही वेगळी. एकोणचाळिसावी वेगळी. चाळिसावी वेगळी. पुढच्या चार दिवसांत एकही जुळली नाही.

आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. प्रयोगवहीत मनानं आकडे भरणारी पोरं मी एकोणतीस वर्षं पकडली आहेत. पहिले काही आकडे खरे असतात, मग कंटाळा येतो, मग पुढे सगळं काल्पनिक. हेच ते. बाई कुठे बघायला येतायत, चार शिड्या, दोन विळे, लिही काहीतरी. मला भयंकर चीड आली. न केलेलं कष्टाचं काम केलं म्हणून दाखवणं ह्याइतकं मला काहीच सहन होत नाही. मी वही उचलली आणि मिळेल त्या गाडीनं खोडदला गेले.

मावशी त्यांच्या वाफ्यात कांद्याचं रोप लावत होत्या. मागे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या. मी बांधावर उभी राहून, चिखलात पाय नको म्हणून, तिथूनच बोलले. म्हटलं, मावशी, अडतिसाव्या ओळीपासून पुढे तुम्ही मनानं लिहिलंय. दमला असाल, मी समजू शकते. पण तसं सांगायचं होतं.

त्यांनी हातातलं रोप आधी लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, बघितल्याबिगर म्या एक अक्षर काढलं न्हाई."

"मशीन खोटं बोलत नाही, मावशी."

त्या पुन्हा वाकल्या. शेजारच्या वाफ्यातल्या दोघीजणी ऐकत होत्या, ते मला दिसत होतं, तरी मी आवाज कमी केला नव्हता. मावशींनी पाणी विचारलं नाही. खोडदच्या कुठल्याही घरातून पाणी न घेता परतण्याची ती माझी पहिली वेळ.

घरी आल्यावरही मी रागातच होते. जेवताना भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, त्या वहीचा तसाही उपयोग काय? त्याच्यावरही उखडले. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल पेन घेऊन मावशींच्या ओळींवर चुकीच्या खुणा करायला बसले. पहिली फुली मारली. आणि तिथे मला माझाच आवाज ऐकू आला. मशीन खोटं बोलत नाही हे तुला कुणी सांगितलं?

खरंच, कुणी सांगितलं होतं? दोन उत्तरं वेगळी आली, आणि मी त्यातलं एक बरोबर धरून दुसऱ्याच्या दारात जाऊन भांडून आले. माझ्या वर्गातल्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला ते गणित दहा वेळा लिहायला लावलं असतं.

पेनड्राइव्हवर सदतिसाव्या ओळीनंतरची प्रत होती. चालू काम थांबवून मी मशीनला तिथून परत पळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर ओळ आली. विळा, सात, मोडकी फणी, दोन, दोन, शिडी, असं मी मोठ्यानं वाचत गेले आणि वहीवर बोट सरकत गेलं. सोळाच्या सोळा मावशींची. माझ्या मशीननंच मध्ये कुठेतरी चूक केली होती आणि पुढचं सगळं त्या चुकीवर रचत गेलं होतं. नंतर जुन्नरच्या दुकानदारानं ते उघडून मेमरीची एक पट्टी काढून दाखवली, ती खराब होती.

मी वही पहिल्या पानापासून नीट वाचायला घेतली. म्हणजे तोपर्यंत मी ती वाचलीच नव्हती, फक्त जुळवली होती. मध्ये मध्ये पेन्सिलीनं बारीक मराठीत लिहिलेल्या ओळी होत्या, त्यांच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. एका तारखेपुढे लिहिलं होतं, रातभर लाईट नाही, पडदा काळा. दुसऱ्या एका ठिकाणी, पोरगी दवाखान्यात, बघितलं नाही. त्या दिवसाची ओळ मोकळी सोडलेली. खंडेनवमीच्या पानावर, बंद केलं, म्या सांगितलं. अशा पाच-सहा मोकळ्या जागा. ज्याला मनानं भरायचं असतं तो मोकळी जागा कशाला सोडेल? हे सगळं माझ्या टेबलावर होतं, माझ्याच हाताखाली. अडतिसाव्या ओळीवर माझी लाल फुली तशीच होती, ती खोडायची सोय नव्हती.

पट्टी काढल्यावर मशीन सरळ चाललं. वहीतली एकूण एक ओळ जुळली, अगदी खंडेनवमीच्या आदल्या दिवसापर्यंत. तिथून पुढचा रस्ता मशीननं एकट्यानं काढला. शेवटी सोळा अक्षरं आली, मी कळवली, आणि थोड्या वेळानं उत्तर आलं की जुळली. नंबर मूळ नाही. तो अनोळखी माणूस बरोबर होता. तिथे नोंदीत ताळा करणाऱ्याच्या नावाची जागा एकच असते आणि त्या जागी जूनमध्येच मी माझं नाव भरून ठेवलेलं होतं. तेही मला झोंबलं, पण आता कुणावर ओरडणार?

मी पुन्हा खोडदला गेले. कांदा चांगला वर आला होता. ह्या वेळी चपला काढून वाफ्यात उतरले आणि शेजारच्या त्या दोघी होत्या, त्यांना ऐकू जाईल असं बोलले. म्हटलं, मावशी, चूक माझ्या मशीनची होती. तुमच्या सगळ्या ओळी बरोबर निघाल्या. मी परत मशीन चालवून बघितलं, तेव्हा कळलं. माझं चुकलं.

त्यांनी हात पदराला पुसले. वही माझ्या हातातून घेतली, पानं उलटत अडतिसाव्या ओळीपर्यंत गेल्या आणि लाल फुलीवर अंगठा ठेवला. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या बाई. तसं म्हणणाऱ्यातल्याच त्या.

"म्या सांगितलं व्हतं तवा न्हाई पटलं," त्या म्हणाल्या. "माझ्या बोलण्याचा ताळा मशीनकडनं करून घेतलात व्हय, बाई?"

त्यांनी घरातून पाण्याचा तांब्या आणून दिला, मी प्यायले, आणि त्यांनी वही परत दिली नाही.